फळीवरची मांदेली

वसईच्या किनाऱ्यावरील माणसांना जग दाखवले ते मी.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे मनात घोळवत आले आहे. ते म्हणायचे तर तोंड उघडायला हवे, आणि पावसाळ्यात माझे झाकण उघडत नाही. उन्हाळ्यात उघडते, पण उन्हाळ्यात असली वाक्ये सुचत नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. फणसाच्या लाकडाची, दीड हात लांब, वीतभर उंच. माझ्या पोटात छत्तीस खण आहेत आणि प्रत्येक खणाला लाल फलालीनचे अस्तर आहे. त्या खणांत एके काळी छत्तीस चष्मे राहत असत. जग दाखवायचे ते चष्मे. मी त्यांना वाहून नेत असे. खरे सांगायचे तर मीही नेत नसे, दिनानाथ मला डोक्यावर घेऊन नेत असे. एवढे कबूल केले की माझी मोठी कामगिरी संपते. उरते ती गोष्ट.

माझा जन्म निर्मळचा. दिनानाथच्या वाडीत विहिरीच्या कडेला एक फणस होता. वादळात तो आडवा झाला आणि हरिश्चंद्र सुताराने त्याच्या खोडातून दोन पाट, एक देव्हारा आणि मी अशी चार भावंडे घडवली. देव्हाऱ्याला देव मिळाले, पाटांना पाहुणे मिळाले, मला चष्मे मिळाले. हरिश्चंद्र कामात फार चोख. भर चैत्रात, लाकूड सुकून ठणठणीत झालेले असताना, त्याने माझे झाकण असे बसवले की फटीत पोस्टकार्ड जाऊ नये. "दिनाभाऊ, यात मुंगी शिरली तर मला बोलवा," तो म्हणाला. मुंगी कधीच शिरली नाही. पण लाकूड पावसात फुगते, ही जगातल्या सगळ्या सुतारांना ठाऊक असलेली गोष्ट नेमकी त्या दिवशी त्याच्या ध्यानातून गेली, आणि त्याचे परिणाम मी आजवर भोगते आहे.

दिनानाथ गिरगावात चष्म्याच्या दुकानात नऊ वर्षे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर दुकान बसले आणि तो घरी परतला. वाडी थोरला भाऊ काशिनाथ पाहत होता. त्याने दिनानाथला केळींना पाणी सोडायला सांगितले. दिनानाथने दोन महिने सोडले. पण केळींची नजर चांगली असते, त्यामुळे त्याच्या विद्येचा तिथे काही उपयोग होईना. शेवटी त्याने मला मेणकापडात गुंडाळले, डोक्यावर घेतले आणि कोळीवाड्यांच्या फिरतीवर निघाला. तो दिवस आषाढातला होता आणि पाऊस असा कोसळत होता की काशिनाथने ओटीवरून त्याला निरोप दिला तो त्याला ऐकू आला नाही. ते बरेच झाले, कारण तो निरोप नव्हता.

तुम्ही विचाराल, की शहाणा माणूस फिरतीवर निघतो तो उन्हाळ्यात निघेल, थंडीत निघेल. पावसात कशाला? तर मित्रांनो, दिनानाथ शहाणाच होता. आठ महिने कोळी दर्यात असतात आणि कोळिणी बाजारात. तेव्हा वस्तीत गेलात तर मांजरे भेटतील. पाऊस लागला की होड्या वर ओढतात, त्यांच्यावर नारळाच्या झापांचे छप्पर घालतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत सगळे घरी बसून जाळी विणतात, सांधतात. जाळे सांधायला बसला की चाळिशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदा कळते, की आपल्याला गाठ दिसत नाही. आणि नेमका त्याच वेळी, गुडघाभर चिखलातून, एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने मला सावरत दिनानाथ दारात उभा राही. वारा फार झाला की तो छत्री सोडून मला दोन्ही हातांनी धरी. छत्रीने हे शेवटपर्यंत मनात ठेवले.

असे आम्ही नायगाव केले, किल्लाबंदर केले, पाचूबंदर केले, अर्नाळा केला. कुठे देवळाच्या ओवरीत झोपलो, कुठे चर्चच्या पडवीत. मेणकापडाला भोके पडली, दिनानाथच्या पायांना चिखल्या झाल्या. लोक त्याला 'डोलेवाला भट' म्हणू लागले.

पहिल्या वर्षी एक अडचण आली. नजर तपासायला दिनानाथने मुंबईहून अक्षरांचा तक्ता आणला होता. तो पाचूबंदरला मार्सेल नावाच्या कोळ्याच्या अंगणात टांगला. माणसे समोर बसत, तक्त्याकडे आदराने बघत आणि "दिसतंय" म्हणत. काय दिसते ते कोणी सांगेना. अखेर मार्सेल तक्त्याजवळ गेला, नाक लावून पाहिले आणि म्हणाला, "भटा, ही किडं कसली चिकटवली हायत? यातलं खायचं कंचं?"

मग त्यानेच एक फळी आणली आणि तिच्यावर खिळ्यांनी वरून खाली सुकी मासळी टांगली. सगळ्यात वर लांबलचक वाकटी, मग बोंबील, मग बोटाएवढी मांदेली, मग करंदी, आणि तळाला जवळा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या कोळंबीची चिमूट. "आता वीस पावलांवरनं इचार कुनालाबी," तो म्हणाला. "आमाला क ख नाय येत. ह्ये येतं."

ज्याच्या सात पिढ्यांत कोणी मासळीला हात लावला नव्हता, त्या दिनानाथने ती फळी दोन बोटांत धरून पुढच्या गावी नेली. त्या दिवसापासून किनाऱ्यावर त्याच्याइतकी नेमकी नजर तपासणारा माणूस नव्हता. तसा दुसरा कोणी नव्हताच, म्हणून हे मी निर्धास्तपणे सांगते.

लोकांची एक खोड मात्र शेवटपर्यंत गेली नाही. जाळ्यासाठी घेतलेली चाळिशी नाकावर चढली की कोळी पहिल्यांदा दर्याकडे बघायचा. चाळिशीतून लांबचे सगळे पुसट दिसते. मग तो ओरडायचा, "अरे, ह्यानं दर्या पुसला!" दिनानाथ म्हणायचा, "बाबा, जाळ्याकडे बघ, दर्याकडे नको." पण ज्या माणसाला उभ्या जन्मात दर्यापेक्षा मोठे काही पाहायचे नव्हते, त्याने हातभर अंतरावरच्या गाठीने चष्म्याची पारख का करावी? मला तर त्यांचेच म्हणणे पटायचे.

माझ्या छत्तिसाव्या खणात मात्र एक निराळा चष्मा होता. पस्तीस चष्मे जवळचे पाहायचे, हा एकच लांबचे पाहायचा, चांगल्या जाड काचांचा. दुकान बसताना चुकून सामानात आला होता. तीन वर्षे त्याला कोणी नाकाला लावले नाही. कोळ्यांची लांबची नजर म्हणजे घारीची. बाकीचे चष्मे जायचे, नवे यायचे, हा आपला कोपऱ्यात पडून. मी त्याला फुकट जागा अडवणारा समजत असे.

आता टोकपाड्याची हकिकत सांगते. सन एकोणपन्नासचा आषाढ. वैतरणेच्या मुखाशी वीसेक घरांची ही वस्ती होती. खाडीच्या तोंडाला आडवा वाळूचा दांडा पसरलेला. त्यातून होडी आत घ्यायची वाट इतकी अरुंद, की किनाऱ्यावरचा देवळाचा कळस आणि एक उंच ताड समुद्रातून पाहताना एका रेषेत आले, की त्याच क्षणी सुकाणू वळवायचे. जरा चुकले की होडी दांड्यावर आणि माणसे पाण्यात.

तिथली सगळ्यात मोठी होडी बळीराम तांडेलाची. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. सुकाणू त्याच्या हातात आणि सहा खलाशांचा जीव त्या सुकाणूत. बळीराम साठीला टेकला होता, पण जाळ्याची बारीक गाठ उघड्या डोळ्यांनी मारायचा. अख्ख्या पाड्याला त्याचा अभिमान. दर वर्षी तो माझ्याजवळ येऊन बसे, माझ्या झाकणावर टिचकी मारी आणि म्हणे, "डोलेवाल्या, तुज्या पेटीत माज्या मापाचं काय नाय."

त्या दिवशी पाऊस असा होता की दुपारी चार वाजता होडीच्या छपराखाली कंदील लावावा लागला. खलाशी ओळीने जाळे मांडीवर घेऊन बसले होते. बळीरामचा पुतण्या शत्रुघ्न, वय बेचाळीस, याने नुकतीच चाळिशी घेतली होती आणि त्याची यथेच्छ टिंगल चालू होती.

"मास्तर झाला रं आमचा शत्रुघ्न! आता एक गानं होऊ दे, मास्तर."

"माजा गला खाडीच्या तोंडाशी उघडतो," शत्रुघ्न म्हणाला. "हितं नाय."

सगळे हसले. शत्रुघ्न जगात फक्त खाडीच्या तोंडाशीच गातो, आणि गातो ते इतके वाईट की बगळे उडतात, ही पाड्यातली जुनी थट्टा होती. शत्रुघ्नने चष्मा कपाळावर सरकवला. "मला हसता काय? काकांना बसवा की त्या तपासायच्या पाटावर! काका, भट एवढा चिखलातनं येतो. यंदा तरी बसा."

मग सगळ्यांनीच गलका केला. बळीराम नाही म्हणेना, हो म्हणेना. पण माणसांसमोर मागे हटणारा तो नव्हता. बसला. वीस पावलांवर, छपराच्या दुसऱ्या टोकाला, फळी टेकवलेली होती आणि त्याची बायको भागूबाई कंदील घेऊन फळीजवळ उभी राहिली.

"वाकटी," बळीराम म्हणाला.

बरोबर.

"बोंबील."

बरोबर. इतक्यात होडीखालून भागूबाईचे तांबूस मांजर बाहेर आले. त्याने पुढचे पाय फळीवर टेकले, मांदेली अलगद तोंडात घेतली आणि आले तसे निघून गेले. फळीवर नुसता खिळा उरला.

"मांदेली," बळीराम ठणकावून म्हणाला.

मित्रांनो, जाळे सांधणाऱ्या सहा माणसांच्या सुया एकदम थांबलेल्या मी तेव्हा पाहिल्या. मग सुया पुन्हा चालू लागल्या. दिनानाथच्या ते लक्षात आले नाही. तो खिळ्याकडे बघत होता.

"करंदी. आनि खाली जवला. झालं काय?"

दिनानाथला एका क्षणात सगळे उमगले. तीन वर्षांत ती यादी किनाऱ्याला तोंडपाठ झाली होती. बळीरामला फळी दिसत नव्हती, त्याला ती पाठ होती. उतारवयात काही जणांचे असे होते. लांबचे धूसर होत जाते आणि जवळचे मात्र लख्ख दिसू लागते. ज्या उघड्या डोळ्यांच्या गाठींचा पाड्याला अभिमान होता, तीच त्याच्या दुखण्याची खूण होती.

आणि नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर. खरे सांगावे, तर चाळीस वर्षे ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याच्या हातून ते त्याच्याच माणसांसमोर काढून घ्यायचे. न सांगावे, तर त्या वाळूच्या दांड्यावर सात माणसे.

"बरोबर," दिनानाथ म्हणाला.

धंद्यात त्याला खोटे बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. त्या संध्याकाळी देवळाच्या ओवरीत त्याची खिचडी करपली. त्याने ती तशीच खाल्ली. पेटीशी बोलण्याइतका तो एकटा पडलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या मनात काय चालले होते ते मला कळले नाही. पण नुसत्या खिचडीने माणूस इतके उसासे टाकत नाही.

सकाळी फटफटले तोच भागूबाई ओवरीच्या पायरीशी उभी.

"भटा, काल तू खोटा बोललास."

दिनानाथ उठून बसला. "तुम्हीही गप्प राहिलात, भागूबाई."

"मी दोन वर्सं गप्प हाय. तू एक दिस राह्यलास. मना नको शिकवू." ती पायरीवर टेकली. "लांबचा मानूस ते खोकल्यावर वलखतात. ताड दिसंना झाला, तवा मी ताडावर माजं लगनाचं लुगडं बांदलं. लालभडक. लोकांना सांगितलं, नवस हाय. कसला, कुनी इचारलं नाय. बायकांच्या नवसाला पुरुस भितात."

"मग?"

"मंग काय? यंदा पानी एवढं पडलं, लुगड्याचा रंग धुवून गेला. माज्याकडं दुसरं लाल लुगडं नाय आनि त्यांच्याकडं दुसरा डोला नाय. तुज्या पेटीत हाय काय कायतरी?"

तेव्हा मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण आला, आणि माझे झाकण उघडेना.

दिनानाथने ओढून पाहिले, ठोकून पाहिले. गुडघ्यात धरून हिसकले. शेवटी त्याने खिशातला चाकू काढून माझ्या फटीत घातला. त्याची खूण अजून माझ्या उजव्या अंगाला आहे.

"अरे, थांब!" भागूबाई ओरडली. "होडी फुगते तशी फुगलीय ती. जबरदस्ती केलीस तर फुटंल." ती घरी जाऊन नारळाच्या करवंटीतून होडीला लावायचे मुशीचे तेल घेऊन आली. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या तेलाचा वास ज्याने घेतला आहे त्याला मी काही सांगायला नको, आणि ज्याने घेतलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिने ते माझ्या कडांवर, बिजागऱ्यांवर बोटांनी चोळले. हळूहळू, जखमेला लावावे तसे. मग अंगठ्याने झाकण वर रेटले. मी उघडले. एवढी वर्षे झाली, पण मला कोणी इतके न दुखवता उघडलेले नाही.

दिनानाथने छत्तिसाव्या खणातला चष्मा काढून पुसला. "देतो. पण चष्मा नाकावर असतो, भागूबाई. तो लपणार कसा?"

"लपवायचा नाय," पाठीमागून आवाज आला. बळीराम उभा होता. कधी आला कोण जाणे. "भटा, काल तिसरं काय व्हतं फलीवर?"

दिनानाथ हातातला चष्मा पुन्हा पुसू लागला.

"सुया थांबल्या. मना डोला नसंल, कान हाय."

"मांजराने नेली होती," दिनानाथ म्हणाला.

"मंग बरोबर का बोललास?"

"तुमची माणसं समोर होती, तांडेल."

"माजी मानसं समोर व्हती म्हनून तर खरं बोलायचं व्हतं," बळीराम म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण दिनानाथने मान खाली घातली. म्हातारा एक पायरी वर चढला. मग म्हणाला, "पयला खोटा मीच बोललो. तू दुसरा. आन हिकडं ती काच."

चष्मा नाकावर बसला. पाऊस घटकाभर थांबला होता. बळीरामने इतर सगळ्यांनी केले तेच केले. त्याने पहिल्यांदा बाहेर पाहिले. पण या काचांनी दर्या पुसला नाही. वाळूचा दांडा दिसला, ताड दिसला, ताडाच्या शेंड्याला फडफडणारी चिंधी दिसली.

"त्या ताडावर काय हाय?"

"नवस," भागूबाई म्हणाली.

तो बराच वेळ बघत राहिला. "दर्यातनं मना तिथं लाल फूल दिसायचं. बोललो, देवाची किरपा." मग हळूच म्हणाला, "ते तुजं लगनाचं लुगडं नाय काय?"

तो तिच्याकडे वळला. दोन वर्षांत दोन हातांपलीकडून त्याने तिचा चेहरा पाहिला नसावा.

"अगो, तू म्हातारी कवा झालीस?"

"तुमी बगत नव्हता तवा," भागूबाई म्हणाली आणि करवंटी उचलून निघून गेली.

बळीरामने जाळ्याच्या सुतळीचा तुकडा घेतला, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधला आणि डोक्यामागे पक्की गाठ मारली. तसाच तो होडीच्या छपराखाली गेला. दिनानाथ मला काखेत मारून मागोमाग. म्हणून पुढचे मी पाहिले.

"ऐका," बळीराम म्हणाला. "काल मी मांदेली बोललो. फलीवर मांदेली नव्हती. दोन वर्सं मना लांबचं दिसत नाय. ह्ये घातलं की दिसतं. काचंतनं दर्या बगनारा तांडेल ज्याला नको, त्यानं आताच बोलायचं. सुकानू शत्रुघ्न घेईल."

सगळे शत्रुघ्नकडे बघू लागले. सुकाणू त्याच्याच हाती यायचे होते. नुसते 'नको' म्हणायचा अवकाश. शत्रुघ्नने हातातली गाठ पुरी केली, सुतळी दातांनी तोडली आणि चाळिशी काढून खाली ठेवली.

"काका, दोन वर्सं मी खाडीच्या तोंडाशी गातोय. तुमाला काय वाटलं, मना गला हाय?"

बळीरामने चष्मा नीट करून त्याच्याकडे पाहिले.

"गानं चालू, सुकानू धरून ठेवायचं. गानं थांबलं, वलवायचं. तुमी बरोबर त्याच टायमाला वलवायचात. मी बोललो, काकांना कलतंय पन बोलत नाय. मंग आमी पन बोललो नाय."

"मंग काल मना पाटावर बसवलास तो?"

"तेच्यासाठीच बसवला! भटाला तरी कलंल म्हनून. तर हा भट बोलतो 'बरोबर'!"

सहाही जण दिनानाथकडे बघून असे हसले की छपरावरचे पाणी हलले. मांजराला मांदेली नेताना सगळ्यांनी पाहिले होते. एकाने तर ते मुद्दाम सोडले होते, पण कोणी ते अखेरपर्यंत कळले नाही. कोळ्यांच्या पोटात गोष्टी खोल बुडतात.

"सुकानू तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," शत्रुघ्न म्हणाला. "पन एक हाय, काका. ती काच काढायची नाय. माजा गला गेला."

नारळी पौर्णिमेला दिनानाथ मुद्दाम टोकपाड्याला गेला, मला घेऊन. दर्याला नारळ वाहिले, होड्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी परतताना वाळूच्या दांड्याशी बळीरामची होडी आली तेव्हा अख्खा पाडा किनाऱ्यावर उभा होता. ऊन पडले होते. सुकाणूवर काहीतरी दोनदा चमकले. होडी थांबली नाही, बिचकली नाही. सुरीसारखी आत आली. त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी कोणी गायले नाही. पाड्यातल्या बायकांना वाटले, शत्रुघ्न सुधारला. भागूबाईने ताडावरचे लुगडे उतरवून घेतले. त्याची तिने गोधडी शिवली असे ऐकते.

मी घरी परतले ती मुशीच्या तेलात मुरून. दिनानाथची बायको शांता ओटीवर आली, नाकाला पदर लावून तिथेच थांबली.

"ही पेटी घरात येणार असेल, तर मी माहेरी जाते."

"तुझं माहेर शेजारच्या वाडीत," दिनानाथ म्हणाला. "वास तिथवर जातो."

माझी रवानगी गोठ्यात झाली. गाईने दोन दिवस माझ्याकडे पाठ केली. शांताने मला चिंचेने घासले, राखेने घासले, उन्हात ठेवले. वास कमी झाला, गेला नाही. आणि त्या वर्षापासून दर आषाढात पहिल्या कोळीवाड्यात पोहोचलो की दिनानाथ चोरून दोन थेंब मागून घेई. सात पिढ्यांचा नेम मोडून तो माझ्यापुरता मत्स्याहारी झाला.

बळीरामने आणखी तीन हंगाम सुकाणू धरले. चौथ्या वर्षी काचांनीही दिसेना, तेव्हा त्याने कोणी न सांगता शत्रुघ्नचा हात सुकाणूवर ठेवला. पुढे पन्नासचे दशक सरत आले, विरारला स्टेशनाजवळ चष्म्याचे दुकान निघाले, दिनानाथचे गुडघे गेले, आणि माझी फिरती संपली.

मग माझ्यात बटणे राहिली. त्यानंतर रांगोळी आली, आणि पाठोपाठ कोणाच्या तरी जन्मपत्रिका. माझा एक कप्पा मुलांनी काढून त्याची गाडी केली. बरीच वर्षे मी माळ्यावर होते, तिथे माझे बोलणे ऐकायला झुरळे होती आणि त्यांची नजर उत्तम होती. हल्ली मी दिनानाथची नात सरला हिच्याकडे, आचोळ्याला, तिसऱ्या मजल्यावर असते. तिने मला पॉलिश केले आहे. मी काचेच्या कपाटात बसते, पाहुणे मला 'अँटिक' म्हणतात आणि घरचे माझ्यात टीव्हीचा रिमोट ठेवतात. पावसाळ्यात झाकण अडकले की घरातले सगळे एकाच चॅनेलवर चार दिवस काढतात आणि मग कोणीतरी सुरी आणते.

मित्रांनो, वस्तूंना जपा. माणसांनाही जपा. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ताडावर काही बांधता आले तर बांधा, गाता येत नसले तरी गा, पण एखाद्या सकाळी त्याला खरे काय ते सांगाही. आणि कोणतेही झाकण चाकूने उघडू नका. एवढे शिकायला मला छत्तीस खण आणि बारा पावसाळे लागले.

बाकी मला काही नको. फक्त तुमच्यापैकी कोणी अर्नाळ्याकडे गेलेच, तर माझ्या बिजागऱ्यांसाठी दोन थेंब मुशीचे तेल आणा. खोबरेल चालणार नाही, ते लावून पाहिले आहे. आणि आणाल तेव्हा सरला घरात नाही ना, तेवढे बघून या.